कायच्यासाठी फादर

मे महिन्याचं ऊन. आमच्याकडचं ऊन म्हंजे कुत्रं सुदा सावली सोडत नाई. अन् हा मानूस रस्त्यानं येऊन राह्यला! डोकशावर काई नाई, टक्कल तव्यावानी तापलेलं, अन् काखेत छत्री. मिटलेली! मी फाटकातूनच वरडली, "फादर, ते छत्री उघडा ना!"

तो थांबला. तठीच, उन्हात. म्हने, "बाई, हे छत्री कायच्यासाठी हाय?"

"डोकसं वाचवाले!"

"नाई. हे पान्यासाठी हाय. काळी हाय. उन्हाची छत्री पांढरी असते. माह्यापाशी पांढरी नाई."

"छत्रीले काय मालूम, वरून पानी पडते का ऊन पडते!"

"छत्रीले मालूम नाई, बाई. जेनं बनवली त्याले मालूम हाय."

सांजच्याले ताप भरला. मी पन्हं पाजलं, कांदा किसून तळपायाले चोळला. डोळे मिटलेले, अंग इस्तवावानी, तरी बोललाच, "कांदा खाण्यासाठी हाय, बाई." मी म्हटलं, गप पडा.

असा मानूस! दूर दक्षिणेकडचा, पन जवानीतच इकडं आलता. गोठ्यातल्या गड्याइपाशी राहून आमची भाषा शिकला. त्याच्या मांगं सारं गाव त्याले 'कायच्यासाठी फादर' म्हने. त्याचं सारं डोकसं एकाच गोष्टीत. हरेक वस्तूचं एक काम हाय, त्या कामासाठीच ते वापराची. त्याले तो कुदरतचा कायदा म्हने. आता सांगताना मले हसू येते. पन याच मानसाच्या एका 'हो'साठी माह्या पोरीचा जीव अडकून पडलता, तवा नोतं येत हसू.

मी त्याच्याकडं सैपाकाले होती. तीस वर्सं. आर्वीच्या रस्त्यावर मिशन हाय. एक चर्च, एक शाळा, मांगं गोठा अन् फादरचं घर. माहा मानूस वावरात साप चावून गेला, तवा धाकटी कडेवर होती. मले चार झालते, दोन मातीत गेले. रडाले टाइम नोता. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी निंदाले गेली, पोरीले वावराच्या धुऱ्यावर झोळीत टाकून. मंग कोनी सांगतलं का मिशनमंदी भाकरी थापाले बाई पायजे. गेली. फादरनं पयलं काय इचारावं? "बाई, तुमाले इस्रांतीचा वार कोनता पायजे?" मी तर पाहातच राह्यली! इस्रांती! मले कोनी जल्मात इचारलं नोतं.

मी बौद्ध हाय, विहारात जाते. त्यानं कधी म्हटलं नाई का चर्चात ये. पन सैपाकघराच्या दारात उभा राहून वाद घाले. वादाचा भल्ला शौक! मी बशीत चहा ओतला का सुरू, "बशी कप ठेवाले हाय."

"बशी चहा थंड कराले हाय, फादर. नाई तं तिले खोलगट काऊन केली असती?"

गेला ना तो! दोन घंटे खोलीत बसला. मंग येऊन म्हने, "बाई, बशीचं तुमचं बरोबर हाय." अन् हारला का त्याची एक रीत होती. त्या दिवशी आपलं ताट सोता धुवे. काई बोले नाई, बाह्या वर करे अन् मोरीत बसे. ताट धुवाले बसला का आमी समजाचं, आज फादर हारला!

एक डाव म्हने, "बाई, तुमच्यात जग बनवनारा देव नाई. मंग कोनती वस्तू कायच्यासाठी, हे कोन ठरवते?"

मी म्हटलं, "ज्याले दुखते तो ठरवते."

तीन दिवस गप होता. चवथ्या दिवशी मी चुलीपाशी, अन् हा दारात. "दुखनं इतकंच सांगते बाई, का काई बिघडलं. कसं असाले पायजे होतं, हे दुखनं सांगत नाई."

"भाकर करपून राह्यली, बाजूले व्हा."

पन तो नुसता कोरडा मानूस नोता. गोऱ्हा खच्ची कराले मानूस आलता गोठ्यात, तवा मी टोचलंच, "आता कुठी गेला तुमचा कुदरतचा कायदा?"

म्हने, "जनावर मानसाच्या कामासाठी हाय. मानूस कोनाच्या कामासाठी नाई. म्हून मानसाची काटछाट नाई."

"माही तं झाली काटछाट. लेकरं बंद कराच्या ऑपरेशनच्या कॅम्पात गेलती मी. शाळेच्या फरशीवर आमाले रांगेनं निजवलं होतं. मंग माह्या हातचं खाता कसे?"

म्हने, "तुमाले कोनी इचारलं होतं का?"

"बाईले कोन इचारते?"

त्याचं तोंड लालभडक झालं. त्या दिवशी जेवला नाई. मले समजलं, का या मानसाच्या डोकशात जे घुसलं हाय ते उगाच नाई. बाईले कोनी जनावरावानी वागवू नये, इतक्यासाठी तो भांडते. हे मले पटलं होतं. खोटं काऊन सांगू?

म्हून तं पुढचं जास्त लागलं.

माही धाकटी तठीच मोठी झाली, मिशनच्या अंगनात. शाळेची गाडी चालवनारा एक पोरगा होता, आज्यापासून किरिस्ताव. सभावानं गाय. दोघाचं जमलं, चर्चात लगन झालं, मिशनच्याच क्वार्टरात राहाले लागले. दोन पोरी झाल्या. पन लहानपनी तिचे सांधे सुजत, ताप येई, ते आमाले साधं वाटे. ते हृदयात उतरलं होतं. दुसरीच्या बाळतपनानंतर तिले दोन पायऱ्या चढवत ना! नागपूरले नेलं, हृदयाची झडप बदलली. फादर नऊ दिवस दवाखान्यात होता. फरशीवर! खुर्च्या रिकाम्या, अन् हा फरशीवर बसलेला. मी म्हटलं, "खुर्चीवर बसा ना." त्यानं पाटी दाखवली. म्हने, "खुर्ची रोग्याच्या नातेवाइकासाठी हाय. मी नातेवाईक नाई." नऊ दिवस, माय! गुडघे धरून उठे.

घरी आलो अन् वर्ध्याच्या डॉक्टरनीनं मले अन् पोरीले समोर बसवून सांगतलं. रक्त पातळ कराची गोळी जल्मभर घ्याची. अन् आता लेकरू नको. राह्यलं तं ही वाचत नाई. एक तं जवायाचं ऑपरेशन करा, नाई तं हिले रोजची एक गोळी देतो. त्या गोळीनं हिचं जास्तीचं रक्त जानंही थांबन.

हे रक्ताचं नीट समजून घ्या. त्या पातळ रक्तानं पोरीले महिन्याचं आलं का थांबेच ना. बारा दिवस, पंधरा दिवस. कपडे मी धुवू. मले मालूम अन् तिले मालूम. तितके दिवस ते पोरीइपाशी येगळी निजे; नवऱ्याले वाटे, हृदयानंच पांढरी पडली.

जवाई म्हने, "मामी, फादर हो म्हनल तं आजच ऑपरेशन करतो. गोळी द्या म्हनल तं गोळी. पन फादरले इचारल्याशिवाय नाई."

फादर म्हने, नाई.

बापा, काय भांडली मी त्याच्याशी! सहा महिने! दाळ वाढताना भांडू, भांडे घासताना भांडू.

"नवरा-बायकोचा संग कायच्यासाठी हाय?" तो इचारे, अन् आपनच सांगे. "दोन कामं हायत. माया अन् लेकरू. त्यातलं एक आपल्या हातानं तोडून टाकता येत नाई. पन बनवनाऱ्यानं महिन्यात असे दिवस ठेवले का लेकरू राह्यत नाई. ते पाहून राहा. बाकीचे दिवस थांबा."

"मंग तुमीबी लेकरू टाळूनच राह्यले ना? मनात तं तेच!"

"मन तेच, बाई. काम तेच नाई. उपास करनं येगळं, अन् खाऊन बोट घालून ओकनं येगळं."

"अन् ज्याच्या पोटातच जखम हाय त्यानं?"

"त्यानं औषध घ्यावं. औषध येगळं. औषधाले मी कधी नाई म्हटलं?"

हे तो बोलला होता. माह्या कानावरून गेलं! मी आपली हृदय, हृदय करून राह्यली. हृदयाचं नाव घ्याले लाज नाई ना.

मंग त्यानं जवायाले एक छापील तक्ता देला. महिन्याचे दिवस, हरेक दिवसाचं एक खानं. बाईनं रक्ताचे दिवस लाल पेन्सिलनं भराचे, अजून काई खुना कराच्या. महिना भरला का जवायानं कागद फादरकडं न्याचा, फादर मोजे अन् मोकळे दिवस सांगे. खरं म्हनलं तं मिशनच्या सिस्टरनं पाह्याचं होतं ते काम. पन सिस्टरची बदली झालती अन् नवीन आली नोती. फादरले वाटलं, मोजनीच तं हाय.

चार महिने चाललं. फादर खुश! एक दिवस जेवाले बसला अन् ते कागद ताटाच्या बाजूले मांडले. "बाई, पाहा! चार दिवस लाल. मंग अठ्ठाविसाव्याले पुन्हा चार दिवस लाल. घड्याळ! याले म्हनते कुदरतचा कायदा! हा तक्ता मी नाव न सांगता बाकीच्या जोडप्याइले दाखवनार हाय."

मी चवथीपर्यंत शिकली, पन चार अन् पंधरा मले समजते. माह्या हातातला वरनाचा गंज तसाच राह्यला. चार? कायचे चार? मागच्याच महिन्यात मी तिचे सोळा दिवस कपडे धुतले होते!

गंज ठेवला अन् तशीच पयत सुटली क्वार्टरकडं. या वयात पयाली मी! पोरगी तांदूळ निवडून राह्यली होती.

"काय वं, काय भरलं तुनं त्या कागदात?"

तिनं मान खाली घातली. "माय, तो कागद फादरच्या हातात जाते. अर्धा कागद लाल करून देऊ का? इतकं लाल? हे म्हनले का चार दिवस असते बायाइले. म्हून चार भरले. नीट, खान्याच्या भाईर न जाऊ देता."

"अन् त्या चारावरून तो मोकळे दिवस मोजते?"

"हो."

"अन् तुमी तसेच…?"

ते सुपातले खडे येचत राह्यली. मंग हळूच म्हने, "माय, ह्या महिन्यात सहा दिवस वर झाले."

तिच्या दोन पोरी अंगनात टिकरीबिल्ला खेळून राह्यल्या होत्या, त्याइच्याकडं मी पाह्यलं, अन् मंग मले काई लाज राह्यली नाई. जल्माची लाज त्या एका मिन्टात जळली.

वापस आली. फादर हात धुऊन बसलाच होता. मी ताटावर हात ठेवला.

"जेवन मंग. तो तक्ता खोटा हाय."

"खोटा? बाई, निसर्ग खोटं बोलत नाई."

"निसर्ग नाई बोलला, माही पोरगी बोलली! तुमी पाह्यनार म्हून लाजली अन् पंधराचे चार केले! पंधरा दिवस रक्त जाते तिचं. चादर भिजते, गादी भिजते, मी धुते! डॉक्टरीन म्हनलीच होती का त्या गोळीनं हे रक्त थांबते. अन् आता सहा दिवस वर झाले. आता काढा तुमची पेन्सिल अन् मोजा!"

तो इतक्या जोरात उठला का खुर्ची मांगं पडली. "डॉक्टरीन कवा म्हनली हे?"

"सहा महिने झाले."

"सहा महिने! अन् तुमी मले हृदयाचं सांगून राह्यले!"

"मंग काय रक्ताचं सांगू? तुमाले? तुमी बिनलग्नाचा मानूस!"

"बाई, मी त्या गोठ्यातून चाळीस वासरं या हातानं ओढून काढले!"

"गाय येगळी!"

"रक्त रक्त हाय!" तो वरडला. "रक्त थांबवाची गोळी म्हंजे औषध! औषध हाय ते, बाई! लेकरू राह्यत नाई ते बाजूनं होते, ते आपन मागत नाई. याले कायदा आडवा येत नाई. पयल्या दिवसापासून नोता आडवा!"

अन् मंग काय केलं त्यानं? तेच. न जेवलेलं ताट उचललं, कोरडंच, अन् मोरीत बसून धुतलं. घासून घासून धुतलं. तिकडूनच म्हने, "कुंकवाच्या डबीयेवढ्या खान्यावर मी चार महिने भरोसा ठेवला." मंग वल्या हातानंच गाडीकडं पयाला. जवाई गाडीखाली निजून काई खोलून राह्यला होता. फादरनं वाकून त्याचा पायच ओढला. "निघ भाईर! उद्या वर्ध्याले जाचं. बायकोले औषध पायजे!"

"फादर, गोळी? तुमीच तं…"

"औषध म्हनलो मी! निघ!"

दुसऱ्या दिवशी आमी चौघं वर्ध्याले. दवाखान्यात हे गर्दी! नर्सनं चिठ्ठी पाह्यली अन् बोट दाखवलं, "कुटुंब नियोजनाची रांग तिकडं."

फादर पुढं झाला. "नाई! आमी रक्तस्रावाच्या रांगेत हाओ!"

साऱ्या बाया वळल्या.

नर्स म्हने, "बाबा, गोळी तेच हाय ना?"

"गोळी तेच हाय. काम येगळं हाय."

"तुमी कोन हिचे? सासरे का?"

"मी फादर."

"म्हंजे बापच ना! मंग जा ना, भाईर बसा. बायाइच्या रांगेत काय करून राह्यले?"

एक म्हातारी बाकावरून म्हने, "राहू दे वं, बसू दे. माह्या बुढ्यानं जल्मात माही चिठ्ठी धरली नाई. हा तं रक्ताच्या रांगेत उभा हाय!" अशी खसखस पिकली का नर्सही हासली. माह्या पोरीनं तोंडावर पदर ओढला अन् तिचे खांदे हालाले लागले. मले वाटलं रडून राह्यली. पदर ओढून पाह्यलं तं हासून राह्यली होती! कागदावर लाल भराले लाजनारी माही पोरगी, अन् साऱ्या दवाखान्याले तिचं रक्त मालूम झालं, तरी हासून राह्यली.

तपासलं. लेकरू राह्यलं नोतं. अशक्तपनानं पुढं गेलं होतं. हे आइकलं अन् मी भितीले टेकून खालीच बसली. डॉक्टरनीनं गोळी देली. तीन-चार महिन्यात रक्त कमी झालं, गालावर रंग आला. मोठी नात आता कालेजात हाय, अन् तिची माय शाळेच्या जेवनाचं काम करते, गंज उचलते. फादर म्हातारा झाला. त्याच्या लोकाइनं त्याले दूर नेलं, म्हाताऱ्या पाद्र्याइच्या घरी.

पन मले त्या दिवशीचं वर्ध्याचं एस्टी स्टँड सांगाचं हाय.

जवाई शाळेची गाडी सोडाची म्हून आधीच निघून गेलता. पोरगी बाकावर बसलेली, हातात गोळ्याइची पुडी. मी अन् फादर जरा बाजूले उभे. तो भल्ला खुशीत होता, का कायदा बी राह्यला अन् पोरगी बी राह्यली. मले ते खुशी पाहावली नाई. मी इचारलं, "फादर, रक्त जात नसतं तं? नुसतं हृदयच असतं तं?"

मले वाटलं, आता तीन दिवस लावन. त्यानं तीन मिन्टं बी लावले नाई.

"तं मी नाईच म्हनलो असतो, बाई."

"अन् ते गेली असती तं?"

त्यानं पोरीकडं पाह्यलं.

"तं तिची माती मीच देली असती. अन् त्याच्यानंतर मले चर्चात मिस्साची प्रार्थना म्हनता आली नसती. पन 'हो' तरी मले म्हनता आलं नसतं."

बावीस वर्सं याले भाकरी देल्या मी. वाटलं, आता याले चार लोकात बोलावं, असं बोलावं का पुन्हा वर पाह्यनार नाई. अन् त्याच टाइमले हेही वाटलं, का खोटं बोलला असता तं माहं मन राह्यलं असतं, अन् तो खोटं बोलला नाई. दोन्ही एका छातीत. कुठी ठेवाचं ते मले आजही समजलं नाई.

एस्टी लागली. मी पदर खोचला, खिडकीतून पिशवी फेकली अन् तिघाचं बाक धरलं. एक मानूस बसाले आला, त्याले म्हटलं, आमचं मानूस येऊन राह्यलं. पोरगी आली, मधात बसली. मंग फादर आला, सगळ्याइच्या मांगून.

गाव येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलली नाई. तोही नाई बोलला. रस्ता खराब. पोरगी झोपून गेली होती. गाडी इकडं कलली का तिचं डोकसं माह्या खांद्यावर, तिकडं कलली का त्याच्या. तो हालला नाई. मीही हालली नाई.